‘ताई, हा कुणाला दाखवू नका’: दियोदरच्या नावाने विकलेला दगड

बडोद्यात आणि आसपास खनिजांचे नमुने जमवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. १७ ऑगस्ट २०२२ ला गुजरातमध्ये बनासकांठ्यात दियोदर तालुक्यात अशनी, म्हणजे अवकाशातून आलेला दगड, पडली. तिचे तुकडे म्हणून एक माणूस काळे दगड विकत फिरतो आहे. त्यातला एक त्याने मला साठ हजारांना विकला. तो दगड मॅग्नेटाइट निघाला, म्हणजे लोखंडाचं साधं खनिज. पण त्याची विकण्याची पद्धत अशी विचारपूर्वक बसवलेली आहे की खनिजं ओळखणारा माणूसही तिच्यात अडकतो. म्हणून दगडापेक्षा ती पद्धतच आधी सांगते.

तो पहिल्यांदा आला तेव्हा अशनीचं नावही काढलं नव्हतं. ओळखीच्या एका संग्राहकाकडून माझा नंबर घेऊन आला. जळगावकडचा, बोलायला मृदू, मला ‘ताई’ म्हणणारा. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले पीस होते: आंबाडुंगरचा जांभळट फ्लोराइट, जळगावचा हिरवा अपोफिलाइट, स्टिल्बाइटचे गुलाबी पंखे. सगळे खरे. भावही रास्त. प्रत्येकाबरोबर कुठल्या खाणीतून, कुठल्या थरातून निघाला याची हाताने लिहिलेली चिठ्ठी असायची. संग्रह करणाऱ्याला त्या चिठ्ठीची किंमत कळते. जागा माहीत नसलेला नमुना म्हणजे नुसती शोभेची वस्तू. पुढे कित्येक महिने तो अधूनमधून येत राहिला आणि खरा मालच देत राहिला. आता मागे वळून पाहिलं की दिसतं, ती सगळी पेरणी होती.

मग एका संध्याकाळी त्याने रुमालात बांधलेला काळा, गुळगुळीत दगड काढला. वजन ४१२ ग्रॅम. म्हणाला, आपले पाहुणे दियोदरजवळ रावेल गावात आहेत. दगड कडुनिंबाच्या झाडावर येऊन फुटला, फांदी मोडली, हा तुकडा पाहुण्यांच्या शेतात सापडला. कडुनिंबाची गोष्ट खरी आहे, तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आली होती. शेजारच्या रांटिला गावात एका घराच्या ओसरीवर तुकडा पडून फरशी फुटली, तेही खरं. या माणसाच्या बोलण्यातली पडताळून पाहता येईल अशी प्रत्येक गोष्ट खरीच होती. खोटा होता तो फक्त दगड.

भाव सांगितला ग्रॅमला दीडशे रुपये. आणि लगेच आवाज खाली आणून म्हणाला, “ताई, हा कुणाला दाखवू नका हां. सरकार घेऊन जातं. कापायचाही नाही, कापला की किंमत गेली.”

या एका वाक्यावर त्याचा सगळा धंदा उभा आहे. दाखवायचा नाही म्हणजे जाणकार डोळा त्याच्यावर पडणार नाही. कापायचा नाही म्हणजे आतला रंग कधी दिसणार नाही. आणि घेणाऱ्यालाच आपण काहीतरी चोरून ठेवतो आहोत असं वाटत राहिलं, की फसवलं गेल्यावरही तो गप्प बसणार. दगड विकतानाच त्याने माझ्या तक्रारीची वाट बंद करून ठेवली होती.

सोबत एक लॅमिनेट केलेला कागद होता, रत्नपरीक्षा करणाऱ्या एका प्रयोगशाळेचा. कागद बनावट नव्हता, हे विशेष लक्षात ठेवा. त्यावर लिहिलं होतं: नैसर्गिक खडक, लोहयुक्त, चुंबकीय. हे तिन्ही शब्द मॅग्नेटाइटला तंतोतंत लागू पडतात. ‘उल्केचा दगड’ हे शब्द होते, पण ‘ग्राहकाने दिलेलं वर्णन’ या रकान्यात. म्हणजे त्यानेच सांगितलं, प्रयोगशाळेने उतरवून घेतलं. मोठ्या अक्षरांच्या खाली बारीक अक्षरांत असा रकाना असतो. प्रमाणपत्र हातात आलं की आधी तोच वाचा.

आणि मग लोहचुंबक. खिशातून एक तगडं चुंबक काढून त्याने दगडाला चिकटवलं आणि चुंबक धरून अख्खा दगड उचलून दाखवला. बहुतेक अशनींमध्ये लोखंड आणि निकेलचा मिश्रधातू असतो, म्हणून त्या चुंबकाला ओढल्या जातात, एवढं आपल्याला सगळ्यांना माहीत असतं. तेवढ्यावरच तो खेळतो. (एक जाता जाता सांगते: खऱ्या अशनीलासुद्धा असं तगडं चुंबक लावू देऊ नका. तिच्या खनिजांत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चुंबकीय क्षेत्राची खूण राहिलेली असते, ती एका स्पर्शात पुसली जाते. अभ्यासकांचं त्यात फार मोठं नुकसान होतं.)

गंमत नव्हे, दुर्दैव असं की त्या चुंबकानेच त्याचं खोटं उघडं पडलं. दियोदरची अशनी ऑब्राइट नावाच्या जातीची आहे. अहमदाबादच्या पीआरएल या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास करून ते प्रसिद्ध केलं आहे. ऑब्राइट फार दुर्मीळ. भारतात त्याआधी नोंदलेली एकच, १८५२ साली उत्तर प्रदेशात बस्तीला पडलेली. त्या बस्तीच्या दगडात एक नवं खनिज सापडलं, त्याला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या थॉमस ओल्डहॅम यांच्यावरून ओल्डहॅमाइट नाव दिलं गेलं. ऑब्राइट जिथे तयार होतात तिथे प्राणवायू इतका कमी असतो की त्यांच्या सिलिकेट खनिजांत लोह जवळजवळ शिरतच नाही. दगडाचा बहुतांश भाग एन्स्टटाइट हे खनिज, फिकट करडा ते पांढरा. धातू अगदी थोडा. ठिसूळही असतो. वरचं कवचसुद्धा इतर अशनींसारखं काळंकुट्ट नसून बहुधा फिकट असतं. चुंबकाने उचलला जाणारा, जड, काळा दगड दियोदरचा असूच शकत नाही! शिवाय शास्त्रज्ञांच्या हाती आलेला मोठा तुकडाच दोनशे ग्रॅमच्या आसपासचा आहे. माझ्या हातात त्याच्या दुप्पट वजनाचा दगड देऊन हा माणूस गेला होता.

पीआरएलच्या अभ्यासाबद्दल वाचल्यावर मी घरीच दोन गोष्टी करून पाहिल्या. दोन्ही कुणालाही जमतील. चकाकी नसलेल्या फरशीच्या मागच्या खडबडीत बाजूवर दगड जोर लावून ओढला. ठळक काळी रेघ उठली. मॅग्नेटाइटची रेघ काळी येते, हेमॅटाइटची तांबूस. अशनी बहुधा रेघ उमटवतच नाही, फार तर पुसट करडी. मॅग्नेटाइट आणि हेमॅटाइटच अशनी म्हणून सर्वांत जास्त खपवले जातात, त्यामुळे एवढ्या एका परीक्षेत पुष्कळ दगड गळतात.

दुसरी घनतेची. स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पाण्याचं भांडं ठेवलं आणि काटा शून्यावर आणला. दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवला, पण तळाला टेकू दिला नाही. काट्यावर ८० ग्रॅम दिसले. म्हणजे दगडाने ८० घन सेंटिमीटर पाणी बाजूला सारलं. ४१२ भागिले ८०, सव्वापाचच्या जरा खाली. मॅग्नेटाइटची घनता तेवढीच, ५.२. ऑब्राइटची साधारण ३ च्या थोडी वर असते. नेहमी सापडणाऱ्या दगडी अशनींची साडेतीनच्या आसपास.

तरी मी दगड पिशवीत घालून विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात गेले. तिथल्या सरांनी भिंगाखाली पाहिलं, माझी परवानगी घेऊन कोपरा घासला. आतही बाहेरसारखाच काळा. गुळगुळीतपणा यंत्रात फिरवून आणलेला, वर काहीतरी काळं चोळलेलं. निकेल तपासलं, नाही. सरांनी एक पैसा घेतला नाही, उलट अर्धा तास बसवून समजावलं. विकणाऱ्याने ज्या लोकांची भीती घातली होती, ते लोक असे आहेत.

मी त्याला फोन केला. तो आधी हसला, मग म्हणाला, “ताई, इथं पडलेली उल्का घरात ठेवली म्हणून तुमच्यावरच केस होईल. बघा बुवा, विचार करा.” त्याला माझं उत्तर एवढंच होतं की दगड उल्का नाहीच, मग भीती कसली? भारतात पडलेल्या अशनी सांभाळण्याचं काम भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे, हे खरं. अशनी पडताना पाहिली किंवा सापडली तर प्रशासनाला कळवावं, हेही खरं. पण अशनी म्हणून मॅग्नेटाइट विकणं ही सरळ फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येणारी. ज्याची फसवणूक झाली त्याने घाबरायचं कारण नाही.

त्यानंतर मी त्याच्याकडून घेतलेला प्रत्येक पीस पुन्हा तपासला. वाघोलीचा म्हणून दिलेला कॅव्हान्साइट, निळ्या गोळ्या पांढऱ्या स्टिल्बाइटवर, अंधारात अतिनील टॉर्चखाली धरला. दोन गोळ्यांच्या बुडाशी फिकट निळसर कडा चमकली. तो डिंक आहे. गोळ्या खऱ्या, स्टिल्बाइट खरा, जोड मात्र माणसाने केलेली. निसर्गात त्या जिथे उगवल्या तिथला पुरावा त्या जोडणीत कायमचा नष्ट झाला, आणि त्या साठ हजारांइतकंच मला याचंही वाईट वाटतं.

साठातले वीस हजार यूपीआयने दिले होते, चाळीस रोख. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, नंतर पोलीस ठाण्यात अर्ज दिला, सोबत सरांचं पत्र, तो लॅमिनेट केलेला कागद आणि चिठ्ठ्या जोडल्या. यूपीआयच्या वीस हजारांचा माग बँकेत लागतो आहे. रोख रकमेला माझ्याकडे कागद नाही. अशनी विकत घ्यायचीच असेल तर परदेशातल्या कितीतरी अशनी रीतसर विकल्या जातात. अशनींचा अभ्यास करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संस्था मिटिओरिटिकल सोसायटी, तिच्या नोंदवहीत प्रत्येक मान्य अशनीचं नाव, जात आणि वजन पाहायला मिळतं, पैसे लागत नाहीत. विकणारा जे नाव सांगतो ते तिथे शोधा, मग समोरचा दगड त्या वर्णनाशी जुळवून पाहा.

हे लिहायला बसले त्याच सुमाराला ग्वाल्हेरहून माझ्या भाच्याने एक फोटो पाठवला. त्याच प्रकारचा काळा दगड, तसाच कागद, ‘ग्राहकाने दिलेलं वर्णन’ तोच रकाना. या वेळी नाव होतं शिवपुरीजवळच्या ढालाचं. ढालाला अतिप्राचीन आघाताचं विवर आहे, आपल्या लोणारसारखं, पण लोणारहून कितीतरी मोठं आणि जुनं. एवढ्या मोठ्या आघातात येणारा दगड बहुतेक वितळतो, वाफ होऊन जातो. लोणारलासुद्धा त्या अशनीचा तुकडा मिळालेला नाही, मग ढालाचा हातभर काळा दगड कुठून येणार? भाच्याने पैसे दिले नव्हते. कागदाचा फोटो मी अर्जाला जोडला आहे. तुमच्याकडे असा माणूस येऊन गेला असेल तर तुमच्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या आणि कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो सोबत लावा, कारण त्याच्या मागच्या बाजूला एक क्रमांक असतो आणि माझ्या व भाच्याच्या कागदावरचा क्रमांक एकच आहे.