वेलिगामाचा सर्फिंग क्लास: विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी नक्की करावा असा

श्रीलंकेत वेलिगामाच्या बीचवर सर्फिंग शिकवणारे एकाला एक लागून बसलेत, कुणाकडं बोर्ड नवे, कुणाकडं गाणी मोठ्यानं लावलेली, भावात फार काही फरक नाही. आम्ही ज्याच्याकडं शिकलो त्याच्याकडं तर पाटीसुद्धा नाही, झावळ्यांचं छप्पर आणि वाळूत उभे केलेले निळे पिवळे फोमचे बोर्ड, संपलं. तरी मी त्याला पाचपैकी साडेचार स्टार देते आणि ते मुख्यतः एका गोष्टीसाठी देते, त्यानं आम्हाला बोर्डाला हात लावू द्यायच्या आधी वाळूत बसवून समुद्र बघायला लावला. नुसतं बघायला. पहिल्या क्लासचा चांगला अर्धा तास त्यात गेला आणि शेजारचे लोक तोवर पाण्यात धडपडून परत पण आले, पण माझ्या मते पैसे वसूल झाले ते तिथंच.

हे एवढं का म्हणायलेय ते सांगते. मी लातूर जिल्ह्यातली, औसा तालुक्यातली. पोहायला शिकले ती वडिलांच्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून, मग भोपळा सुटला आणि मग सूर आणि मुटके सुरू झाले. आपल्याकडच्या बऱ्याच जणांचं असंच असतंय आणि पोहता येतंय म्हणजे पाण्याची काळजी मिटली असं आपण धरून चालतो. पण विहिरीचं पाणी उभं असतंय, ते तुम्हाला कुठं घेऊन जात नाही. समुद्राचं पाणी घेऊन जातंय. कोकणात फिरायला गेलेली आपल्याकडची चांगली पट्टीची पोहणारी पोरं बुडाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, त्यात बऱ्याचदा पोहता न येणं हे कारणच नसतंय. आणि अजून एक, ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्या भरून पाणी आणावं लागलं तिथल्या माणसाला समोर एवढं पाणी दिसलं की आधी आनंदच होतोय, सावधपणा मागून येतोय. म्हणून शिकवणारा माणूस असा पाहिजे जो आधी थांबवेल.

तर आमचा शिकवणारा, तिशीच्या आतला असेल, तिथं मोठ्या भावाला अय्या म्हणतात तर सगळे त्याला अय्याच म्हणायचे आणि आम्ही पण तेच म्हणायला लागलो. इंग्रजी चांगलं, हिंदी कामापुरतं. त्यानं काडीनं वाळूत तळाचा आकार काढून दाखवला. लाट खोल पाण्यात नुसती उचलत येतीय, तळ वर यायला लागला की तिचा खालचा भाग अडतोय आणि वरचा पुढं पडतोय, म्हणजे लाट मोडतीय. साधारण लाट जेवढी उंच त्याच्या सव्वापट खोली राहिली की ती मोडणार. म्हणजे लाट कुठं मोडायलीय ते बघितलं की खाली वाळू कुठं साचलीय ते पाण्यात न उतरता कळतंय. वेलिगामाचा तळ वाळूचा आहे, ह्याला बीच ब्रेक म्हणतात, वाळू सरकली की लाट मोडायची जागा पण सरकती, काल जिथं मजा आली तिथं आज काहीच नसतंय असं होऊ शकतंय. जवळच मिडिगामाला रीफ आहे, तिथं तळ खडकाचा असल्यामुळं लाट ठरलेल्या जागीच मोडती आणि चांगली मोडती, पण पडलात तर खडकावर पडणार. शिकायला वाळूच बरी. आणि वाळूवरची लाट म्हणजे कमी दर्जाची असं काही नाही बरं का, ऑलिंपिकमध्ये सर्फिंग पहिल्यांदा झालं ते जपानमधल्या त्सुरिगासाकीला, तो पण बीच ब्रेकच आहे.

मग त्यानं विचारलं, तुम्हाला आत जायचं असेल तर कुठून जाल? समोर दोन ठिकाणी लाटा मोडायल्या होत्या, पांढरा फेस, आणि मधे एक पट्टा गप्प, पाणी जरा गडद. माझ्या मुलीनं लगेच बोट दाखवलं, "मम्मी, तिथून जाऊ ना, तिथं लाटाच नाहीत." मी पण तेच म्हणाले असते, कुणीही म्हणेल. अय्या म्हणाला, लोक तिथंच जातात आणि तिथंच सापडतात. लाटांनी किनाऱ्याकडं ढकललेलं पाणी परत आत जायला वाट काढतंय आणि वाळूच्या दोन बांधांच्या मधल्या खोलगट भागातनं ते निघून जातंय, त्याला रिप करंट म्हणतात. वरनं शांत दिसतंय कारण खोली जास्त आहे, लाट मोडत नाही. त्यात सापडलं की किनाऱ्याकडं तोंड करून पोहायचंच नाही, चांगला पोहणारा तिथंच दमतोय. बोर्ड असेल तर बोर्ड धरून राहायचं, नसेल तर तरंगायचं, हात वर करायचा, आणि पोहायचंच असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं, फेस दिसायलाय तिकडं. ती ओढ तुम्हाला बुडवत नाही, फक्त लांब नेतीय, बुडतो माणूस तो घाबरून आणि दमून. वेलिगामाची खाडी बरीच शांत आहे, तिथं ही ओढ जोराची नव्हती, पण त्यानं दाखवली, आणि मुलीला रोज सकाळी पाण्यात जायच्या आधी विचारायचा, आज वाट कुठं आहे? दोन चार सकाळी झाल्यावर ती मलाच दाखवायला लागली. मला विचाराल तर बोर्डावर उभं राहणं दुय्यम, हे शिकण्यासाठी प्रत्येक घाटावरच्या माणसानं एकदा असा क्लास करावा, मग पुढं गणपतीपुळ्याला जा नाहीतर गोव्याला जा, हे डोळे तुमच्याबरोबर येतात.

अजून एक गोष्ट त्यानं सांगितली, पाणी एकाएकी लांब आत ओसरायला लागलं तर बोर्ड टाकायचा आणि उंच जागेकडं पळायचं, बघत उभं राहायचं नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत हा किनारा गेला होता. कोलंबोहून येताना रेल्वे समुद्राच्या काठानं येतीय, त्याच रुळावर हिक्कडुवाजवळ पेरालियाला त्या दिवशी आख्खी गाडी पाण्याखाली गेली, सतराशेच्या आसपास माणसं गेली. तो तेव्हा लहान होता. मी त्याला किल्लारीच्या भूकंपाचं सांगितलं, ३० सप्टेंबर १९९३, आमच्याच तालुक्यातलं गाव, आणि आमच्या पत्र्याच्या खोल्यांचं सांगितलं, कितीतरी वर्षं लोक दगडी माळवदाखाली झोपायला तयार नव्हते. त्याला सगळं समजलं. नंतर त्यानं आमच्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत.

आता पाण्यातलं. वाळूवरच बोर्ड ठेवून झोपायचं, पायाची बोटं शेपटाला, हातानं पाणी मारायची ॲक्शन, मग छाती उचलायची आणि एका झटक्यात उभं, ह्याला पॉप अप म्हणतात. कुठला पाय पुढं ते तो मागून हलकासा धक्का देऊन बघतोय, जो पाय आपोआप पुढं पडतोय तो पुढं. लीश म्हणजे बोर्डाची दोरी मागच्या पायाला. बोर्ड कधीच स्वतःच्या आणि लाटेच्या मधे ठेवायचा नाही, लाट तो तुमच्या तोंडावर आणून मारती. आणि आपल्याकडच्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, सूर मारायचा नाही. पडायचं ते सपाट, पाठीवर किंवा कुशीवर, पाणी कंबरेएवढंच असतंय आणि डोकं वाळूत बसलं तर मान जाती. वर येताना हात डोक्यावर धरून यायचं कारण बोर्ड कुठं आहे ते माहीत नसतंय.

सुरुवात फेसाच्या पाण्यात होती, म्हणजे मोडून झालेल्या लाटेत. अय्या बोर्ड धरून उभा, मागं बघायलाय, चार लाटा सोडतोय, पाचवीला म्हणतोय पॅडल, पॅडल, आणि ढकलतोय. आणि मग लाट मागून धरती तेव्हा असं वाटतंय की बैलगाडी उताराला लागलीय, आता बैल ओढत नाहीत, गाडी स्वतःच निघालीय. तेवढ्यात उभं राहायचं आणि पायाकडं न बघता किनाऱ्याकडं बघायचं. खाली बघितलं की पडलंच. मुलगी लवकर उभी राहिली, पोरांचं वजन कमी आणि विचार पण कमी. आमच्या ह्यांना वजनामुळं नऊ फुटी मोठा बोर्ड दिला, छान स्थिर राहायचा तो. मला गुडघ्यावरनं सरळ उभं राहायला जरा वेळ लागला पण ज्या लाटेला उभी राहिले तिनं वाळूपर्यंत आणून सोडलं, आणि मी ओरडले, चाळिशी ओलांडलेली बाई भर बीचवर मोठ्यानं ओरडली आणि शेजारच्या क्लासमधल्या अनोळखी पोरींनी टाळ्या वाजवल्या. इतका आनंद कशाचा झाला म्हणून विचाराल तर नीट सांगता येत नाही, पण झाला, लई झाला.

एका शिक्षकाकडं दोनच माणसं होती, हे बघून घ्या. बाजूला एकेकाकडं सहा सहा बघितले, त्यात ढकलाढकलीच होती, शिकणं होत नाही.

अर्धा स्टार कापला त्याचं कारण कपडे. त्यांच्याकडचे रॅश गार्ड म्हणजे पाण्यातले टाइट टीशर्ट जुने, ताणलेले आणि बायकांच्या मापाचे जवळपास नव्हतेच, कपडे बदलायला खोली नाही, शेजारच्या कॅफेच्या बाथरूममध्ये जावं लागतंय. बायकांनी घरूनच पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड आणि स्विमिंगची लेगिंग न्या, ऑनलाइन सहज मिळतंय, अंग पण झाकतंय, ऊन पण लागत नाही आणि बोर्डावर पोट घासत नाही. सुती पंजाबी ड्रेसवर उतरू नका, भिजून जड होतोय. तोंडाला जाड सनस्क्रीन पाहिजेच, आपल्या उन्हाची सवय असली तरी पाण्यावरचं ऊन वेगळंच भाजतंय. फोटोचे पैसे पण वेगळे निघाले आणि ते आधी बोलले नव्हते, तेवढं आधीच स्पष्ट विचारून ठेवा. पैसे रोख न्या, आपल्या एका रुपयाला तिथले तीन साडेतीन येतात.

वेळ सकाळचीच घ्या. सीझनमध्ये सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडं असतोय, लाटेचं तोंड गुळगुळीत राहतंय, दुपारी उलटा सुटला की पाणी सगळं खडबडीत. शिवाय नऊनंतर गर्दी इतकी होती की बोर्डावर बोर्ड. तिथं नियम असाय की लाट जिथं मोडायला सुरू होती त्याच्या जवळ जो आहे त्याची ती लाट, दुसऱ्यानं मधे घुसायचं नाही, पण नवशिक्यांच्या गर्दीत हे कुणी पाळत नाही म्हणून लवकर जाऊन लवकर बाहेर निघणं बरं.

क्लास झाल्यावर दिवसभर हात उचलत नाहीत, तेव्हा गावातच कुष्टराजगल बघून या, मोठ्या शिळेत कोरलेली बोधिसत्त्वाची मूर्ती आहे. एका राजाचा त्वचारोग नारळावर राहून बरा झाला अशी तिथली गोष्ट. अजिंठ्याचा पद्मपाणी बघत मोठं झालेल्या आपल्यासारख्यांना तिथं उभं राहून बरं वाटतंय. बीचसमोर पाण्यात छोटं तप्रोबेन बेट दिसतंय, त्यावर १९२० च्या दशकात बांधलेला बंगला आहे, लांबूनच बघायचा.

खाण्याचं, भात आणि चार पाच भाज्या, परिप्पू म्हणजे त्यांची डाळ, नारळाचं पोल सांबोल, सगळं तिखट आणि आपल्याला मानवणारं. शाकाहारी असाल तर सांबोलात उंबलकड आहे का विचारा, ती वाळलेल्या माशाची असती. आम्ही कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, अय्याला चटणी इतकी आवडली की पुडी त्यालाच देऊन टाकली.

जायचं म्हणाल तर आपल्याला हैदराबाद जवळ, तिथून विमानानं कोलंबो, मग फोर्ट स्टेशनवरनं माताराकडं जाणारी गाडी, गॉल गेलं की पुढं वेलिगामा. उजव्या हाताची खिडकी धरा.

एक मात्र ध्यानात ठेवा, आपली शाळेची सुट्टी मे महिन्यात आणि तेव्हा तिथं नैऋत्येचा पाऊस लागतोय, दक्षिण किनारा खवळलेला असतोय. वेलिगामाचा सीझन नोव्हेंबर ते एप्रिल. मेपासून सर्फिंग चालतंय ते पूर्वेला अरुगम बेला, पण ती लाट मोठी आणि लांब, पहिल्यांदा शिकणाऱ्यानं आणि पोरांना घेऊन तिथनं सुरुवात करू नये असं माझं मत. दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरात सरकली असेल त्या वर्षी जमवा, नाहीतर सरळ मुलांच्या शाळेतनं रजा काढा आणि जानेवारीत जा.