गाडीचा विमा: केवळ तृतीय पक्ष की सर्वसमावेशक?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सार्वजनिक रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक गाडीला तृतीय पक्ष विमा (आपल्या गाडीमुळे इतरांना होणाऱ्या हानीचा विमा) असणे बंधनकारक आहे. तो नसल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी २,००० आणि पुढच्या गुन्ह्यासाठी ४,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. त्यासोबत आपल्या गाडीचे नुकसानही भरून देणारा सर्वसमावेशक विमा मात्र ऐच्छिक आहे.

तृतीय पक्ष विम्याचा दर शासन ठरवते, त्यामुळे कंपनी कोणतीही असली तरी तो सारखाच पडतो. आपल्या गाडीने कोणी दगावले वा जखमी झाले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई कंपनी देते. ही भरपाई अनेकदा शेत विकूनही फिटणार नाही इतकी मोठी असते, म्हणून या विम्याला मी दुय्यम मानत नाही. आपल्या गाडीच्या दुरुस्तीसाठी मात्र त्यातून एक रुपयाही मिळत नाही.

हीच उणीव सर्वसमावेशक विमा भरून काढतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात रात्री अचानक रोही किंवा रानडुक्कर आडवे येते, गारपीट काच फोडते, नाल्याचा पूर इंजिनात शिरतो. असे नुकसान, शिवाय चोरी आणि आग, त्यात येते. (इंजिनात पाणी गेल्यास गाडी पुन्हा सुरू करू नये, कारण त्यामुळे वाढलेले नुकसान साधारण पॉलिसीत नाकारले जाते.)

गाडी नवी किंवा कर्जावर असेल, तर सर्वसमावेशक विमाच घ्यावा. बाजारभाव फारच उतरलेल्या जुन्या गाडीला तृतीय पक्ष विमा पुरेसा आहे, मात्र मालक-चालकाचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण त्यासोबत जोडून घ्यावे.