वयस्कर रुग्णाचा फुप्फुसाचा कॅन्सर: रोबो, दुर्बीण की छाती उघडून?

पंचाहत्तरीच्या वडिलांच्या फुप्फुसात गाठ निघते. सुदैवाने लवकर सापडलेली असते. ऑपरेशन होण्यासारखं आहे, असं डॉक्टर सांगतात आणि विचारतात, रोबोने करायचं की नेहमीच्या पद्धतीने? तेव्हा आधी एक खुलासा मागा: नेहमीची पद्धत म्हणजे छाती उघडून की दुर्बिणीतून? रोबो वगळला तरी हे दोन मार्ग उरतात आणि त्या दोघांत खूप अंतर आहे.

छाती उघडून करताना बऱ्याचदा १५-२० सेंटिमीटरची चीर घेऊन बरगड्या फाकवतात. म्हाताऱ्या माणसाला या दुखण्यापायी खोल श्वास घेववत नाही, जोर लावून खोकता येत नाही. कफ साठतो आणि न्यूमोनियाची भीती वाढते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये एक ते चार छोट्या चिरा असतात आणि बरगड्या फाकवत नाहीत. रोबोचं ऑपरेशनही छोट्या छिद्रांतूनच होतं. सर्जन बाजूच्या कन्सोलवर, म्हणजे नियंत्रणाच्या टेबलावर, बसून यंत्राचे हात चालवतो, यंत्र स्वतःहून काहीच कापत नाही. सर्जनला दृश्य त्रिमितीत दिसतं आणि आतली अवजारं मनगटासारखी वळतात, हा रोबोचा खरा फायदा.

दुर्बीण आणि छाती उघडणं यांची तुलना करणारी 'व्हायोलेट' चाचणी ब्रिटनमधल्या ९ रुग्णालयांत ५०३ रुग्णांवर झाली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. दुर्बिणीवाल्यांचं दुखणं कमी होतं, ते एक दिवस लवकर घरी गेले आणि पाच आठवड्यांनी त्यांची हालचाल जास्त चांगली होती. कॅन्सर काढण्यात मात्र काही कसर राहिली नव्हती. म्हणून रोबोची तुलना कुणी फक्त छाती उघडण्याशी करून दाखवली, तर ती अर्धीच आहे. छोट्या छिद्रांचा बहुतेक लाभ दुर्बिणीनेही मिळतो.

मग रोबो विरुद्ध दुर्बीण? शांघायच्या रुइजिन रुग्णालयात ३२० रुग्णांवर ही तुलना झाली. गुंतागुंत आणि रुग्णालयातले दिवस जवळपास सारखे निघाले. रोबोने लसिका ग्रंथी (कॅन्सर पसरला का हे पाहायला काढतात त्या छोट्या गाठी) थोड्या जास्त काढता आल्या, पण खर्चही बराच जास्त आला. ही चाचणी काही खास वृद्धांसाठी नव्हती, हेही ध्यानात असू द्या.

आपल्याकडे खर्चाचा प्रश्न मोठा. विमा नियामकाने २०१९ मध्ये रोबोटिक शस्त्रक्रिया विम्यात धरायला सांगितलं, पण अनेक पॉलिसींत तिच्यावर वेगळी मर्यादा असते. दाखल होण्याआधी ती मर्यादा लेखी विचारून घ्या. वरचा खर्च घरच्यांनाच पेलावा लागतो.

माझ्या मते उतारवयात यंत्रापेक्षा मोठे प्रश्न दोन. पहिला, फुप्फुस किती काढणार? जपानमध्ये १,१०६ रुग्णांच्या चाचणीत, बाहेरच्या बाजूच्या २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी अख्खा लोब (फुप्फुसाचा मोठा कप्पा) न काढता त्याचा फक्त एक भाग काढला, तरी जगण्याची शक्यता कमी झाली नाही. ज्याला आधीच दम लागतो, त्याच्यासाठी वाचलेलं फुप्फुस मोलाचं आहे. दुसरा प्रश्न तयारीचा. श्वासाच्या चाचण्या आणि हृदयाची तपासणी झाली का? बिडी-सिगारेट सुटली का? रोज चालणं आणि चेंडूंच्या यंत्रावर (श्वास ओढून आतले चेंडू वर उचलायचं छोटं उपकरण) श्वासाचा व्यायाम ऑपरेशनआधीच सुरू करावा. ऑपरेशन तिन्हींपैकी कोणतंही असो, भूल पूर्ण असते आणि बराच वेळ एकाच फुप्फुसावर श्वास चालू असतो.

गाठ मोठी असेल, छातीच्या भिंतीला किंवा मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली असेल, तर छाती उघडणंच सुरक्षित असू शकतं. ऐन वेळी सर्जनने रोबो बाजूला ठेवून छाती उघडली, तर ते अपयश मानू नका.

मला निवडायचं असेल, तर ज्या सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसला आहे तीच निवडीन. दुर्बिणीत मुरलेला सर्जन जवळ असताना रोबोसाठी कर्ज काढू नये, असं मला ठामपणे वाटतं. तेव्हा थेट विचारा: तुम्ही या पद्धतीने वर्षाला फुप्फुसाची किती ऑपरेशनं करता? त्यांतले सत्तरीपुढचे किती? किती वेळा छाती उघडावी लागली? आणि तब्येत ऑपरेशन झेपण्यासारखी नसेल, तर लहान गाठीवर नेमक्या, मोठ्या मात्रेच्या रेडिएशनचा पर्याय आहे. त्यासाठी ऑपरेशनची तारीख ठरण्याआधीच रेडिएशनच्या डॉक्टरांचंही मत घ्या.