लालसरी छोटी का मोठी? का शेंडीवालं बदक?

थंडीत जळगावकडच्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला, चांगदेवकडे गेलं की दरवेळी हाच घोळ. लांब पाण्यात लाल डोक्याची बदकं दिसतात आणि सोबतचा कोणीतरी ओरडतो, "भो, लालसरी!" पण कोणती? डोकं दोन्हींच्या नराचं लालच, म्हणून डोक्यावर जाऊच नका, आधी चोच बघा. मोठ्या लालसरीच्या नराची चोच पिकलेल्या मिरचीसारखी लालभडक, डोकं केशरी आणि असं फुगलेलं की आत्ताच शाम्पू करून आलाय, पाठ तपकिरी, कूस पांढरी. छोटीच्या नराची चोच काळपट, त्यात निळसर-राखाडी पट्टा, कपाळ उतारासारखं घसरत चोचीपर्यंत येतं, आणि पाठ राखाडी.

ऊन डोळ्यावर असेल तर रंग विसरा, बसणं बघा. मोठी पाण्यावर उंच तरंगते आणि बऱ्याचदा साध्या बदकासारखी शेपूट वर करूनच खाते, छोटी मात्र डुबकन बुडी मारते, तुम्ही दुर्बीण सेट करेपर्यंत भलतीकडेच निघते.

शेंडी बदकाचा नर सोपा, काळं अंग, पांढरी कूस, पिवळा डोळा, मानेवर लोंबती शेंडी. तरी मी एकदा वारकऱ्यांचा (पंढरीचे नव्हे, त्या नावाचे काळे पाणपक्षी) अख्खा थवा शेंडी बदक म्हणून मोजलाय, तेव्हा सांगतो: वारकऱ्याची चोच आणि कपाळ पांढरं, कूस काळीच.

खरी डोकेदुखी माद्यांची. मोठीची मादी त्यातल्या त्यात बरी, गडद टोपी नि फिकट गाल. छोटीची मातकट तपकिरी, डोळ्यामागे फिकट रेघ. शेंडीवालीची गडद तपकिरी, डोळा पिवळा, शेंडी नावापुरती, काहींच्या चोचीच्या मुळाशी पांढरं असतं आणि तिथेच लोक फसतात.

आवाजावर भरवसा ठेवायचा तर आपल्याकडे निराशाच, कारण नर शीळ घालतात ती मादीला पटवताना, आणि विणीचा सगळा कारभार तिकडे उत्तरेत, युरोप-सायबेरियात. इथे फार तर उडताना मादीचं घोगरं 'कर्र कर्र' ऐकू येतं, तेही छोटीचं आणि शेंडीवालीचं जवळपास सारखंच. त्यापेक्षा उडताना पंख बघा: छोटीचा पट्टा राखाडी, बाकी दोघींचा पांढरा, मोठीचा तर चांगला रुंद.

छोटी लालसरी 2015 पासून धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत 'असुरक्षित' आहे, म्हणून नोंद करताना अंदाजाने 'छोटी' ठोकू नका. चोचीचा एक फोटो काढा, धूसर आला तरी चालेल, आणि तोही नसेल तर सरळ 'लालसरी, कोणती कळलं नाही' लिहा आणि भरीत-भाकरी खायला या.