‘ऐन-इ-अकबरी’चा दुसरा खंड, आठ महिन्यांच्या वापरानंतर: सुभेदार कळतो, पण अर्धाच

‘ऐन-इ-अकबरी’ म्हणजे अबुल फजलने लिहिलेला अकबराच्या राज्यकारभाराचा ग्रंथ. मुघल सुभेदाराचे (सुभ्याच्या, म्हणजे प्रांताच्या, मुख्य अधिकाऱ्याचे) अधिकार तपासायला जॅरेटच्या इंग्रजी भाषांतराची, जदुनाथ सरकारांनी सुधारलेली १९४९ची आवृत्ती आठ महिने वापरात आहे. आधी एक सांगतो: अधिकाऱ्यांच्या प्रकरणांत ‘सुभेदार’ शोधत बसू नका, अबुल फजल त्याला ‘सिपहसालार’ म्हणतो. प्रकरण छोटं पण नेमकं आहे. गुन्हेगाराला आधी समज, मग धाक, कैद, फटके. देहदंड अगदी शेवटी, पुरता विचार करूनच. पुढे फौजदार, काझी, कोतवाल, अमलगुजार (महसूल वसूल करणारा अधिकारी) ओळीने येतात.

या ओळीत सुभ्याचा दिवाण नाही, आणि माझ्या मते खंडाची सगळ्यात मोठी उणीव हीच. फौज आणि बंदोबस्त सुभेदाराकडे, वसूल आणि खजिना दिवाणाकडे, अशी वाटणी होती. १५९५-९६पासून तर सुभ्याचे दिवाण थेट दरबारातल्या मुख्य दिवाणाला जबाबदार झाले. हे ठाऊक नसेल तर सिपहसालार म्हणजे प्रतिबादशहाच वाटतो. वाटणीचं मोल बंगालमध्ये दिसतं. दिवाण मुर्शिद कुली खान आणि सुभेदार अझीम-उश-शान यांचं पटत नव्हतं, म्हणूनच एकावर दुसऱ्याचा वचक होता. १७१७मध्ये मुर्शिद कुलीच नाझिम (म्हणजे सुभेदार) झाला, दोन्ही सूत्रं एका हातात आली आणि बंगालवरची दिल्लीची पकड नावापुरती उरली.

आकड्यांत घाई केली की हमखास चूक होते. खान्देश घ्या (इथे ‘दानदेश’, शहजादा दानियालच्या नावावरून). महसुलाची जमा १,२६,४७,०६२ टंका (तिथलं चलन). असीरगड पडल्यावर ती दीडपट केली, आणि एका टंक्याचे २४ दाम (तांब्याची नाणी). म्हणजे आधी दीडपट, मग गुणिले २४: ४५,५२,९४,२३२ दाम. ४० दामांना रुपया धरला तर सुमारे १ कोटी १४ लाख रुपये. दीडपट विसरली तर एकतृतीयांश रक्कम गळते. शिवाय जमा म्हणजे आकारणी. तेवढा पैसा हाती आला असं धरू नये.

परगण्यांच्या तक्त्यांतले स्वार आणि प्यादे सुभेदाराची फौज म्हणून मोजणं ही दुसरी नेहमीची चूक. ते जमीनदारांचे लोक. सुभेदाराचं स्वतःचं बळ त्याच्या मनसबीतल्या (दरबारी दर्जातल्या) ‘सवार’, म्हणजे घोडेस्वारांच्या, आकड्यावरून काढावं लागतं.