गोव्यातल्या भाटासाठी जुना मिनी ट्रॅक्टर: कोणता घ्यावा, कोणता सोडावा

एक-दोन एकरांचे भाट म्हणजे माडांची बाग, घरापुढचे अंगण आणि गेटापासून दारापर्यंतची चिऱ्याच्या मातीची वाट. एवढा पसारा सांभाळायला चाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणला तर तो माडांमध्ये वळतच नाही. दहा-बारा वर्षे वापरलेला, १५ ते २४ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर हे सगळे काम करतो: मिरगाआधी माडांमधली जमीन हलकी फिरवणे, चवथीपर्यंत कमरेला लागणारे गवत मारणे, पावसाने वाटेवर आणलेली माती ओढून काढणे, नारळ, चुडते (माडाच्या झावळ्या) आणि शेणखत वाहणे. पण जाहिरातीतली अश्वशक्ती पाहून सौदा करू नये. गोव्यात आधी पाहायचे ते यंत्र आपल्या जागेत फिरते का, आणि पावसाने व खाऱ्या वाऱ्याने त्याला आतून किती खाल्ले आहे.

आधी जागा मोजा

टेप घेऊन गेटाची रुंदी, गडग्यांमधली, म्हणजे दगडी कुंपणांमधली वाट आणि माडांमधले अंतर मोजा. माड शिफारशीप्रमाणे साडेसात मीटरवर असतील तर मधली जागा ऐसपैस वाटते. पण माडाची खाणारी मुळे बहुतेक बुंध्यापासून दोन मीटरच्या आतच असतात, आणि तिथे रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती उकरणारे अवजार) घालणे म्हणजे पुढच्या हंगामाचे नारळ कापणे. दोन्ही बाजूंचे दोन-दोन मीटर सोडले की मध्ये साडेतीन मीटर उरतात. चार फुटी रोटाव्हेटर ती पट्टी तीन फेऱ्यांत संपवतो. जुन्या भाटांत माड ओळीत नसतात, त्यामुळे सर्वांत अरुंद जागा धरूनच यंत्र निवडावे.

पोफळीच्या कुळागरात मिनी ट्रॅक्टर नकोच. पोफळी २.७ मीटरवर, मध्ये पाट, केळी, मिरीचे वेल आणि उतारावरचे टप्पे. तिथे ग्रास कटर आणि माणसाचे हातच चांगले. खाजनाचेही, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतजमिनीचेही तसेच. चिखलात यंत्र बसते आणि खारे पाणी बेअरिंगांत शिरते.

कोणते यंत्र

व्हीएसटीचा एमटी १८०डी हा अशा भाटासाठी आमच्या मते सर्वांत समतोल जुना ट्रॅक्टर. बंगळुरूची ही कंपनी १९६७ साली मित्सुबिशीच्या सहकार्याने उभी राहिली, म्हणून जुन्या बॉनेटवर ‘मित्सुबिशी शक्ती’ असे नाव दिसते. तीन सिलिंडर, सुमारे ९०० सीसी, १८.५ अश्वशक्ती, इंजिनाचे मिनिटाला २७०० फेरे. तीन सिलिंडरांमुळे चालतो गुळगुळीत, आणि तास-दीड तास बसले तरी हात बधिर होत नाहीत. हे इंजिन फेऱ्यांवर ताकद देणारे आहे. कमी फेऱ्यांवर वरच्या गियरमध्ये दामटले की काळा धूर सोडते आणि तापते. गियर खाली, फेरे वर, ही सवय लागली की ते वर्षानुवर्षे टिकते. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, म्हणजे ओल्या भाटात जमीन फार दाबली जात नाही. पण तोच हलकेपणा ओल्या चढावर नडतो, मागची चाके जागीच फिरतात. म्हणून याचा फोर-व्हील प्रकार मिळाला तर थोडे जास्त पैसे मोजून तोच घ्यावा.

फोर-व्हील घेताना चारही टायर नीट बघा. पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने ओढतील असे गियरचे प्रमाण बांधलेले असते. आधीच्या मालकाने पुढे मिळेल त्या मापाचे टायर बसवले असतील तर ते प्रमाण बिघडते आणि पुढच्या धुरीचे (अ‍ॅक्सलचे) दाते खाल्ले जातात. डांबरी रस्त्यावर किंवा चिऱ्याच्या कडक वाटेवर फोर-व्हीलचा दांडा नेहमी बंद. कडक जमिनीवर चाक घसरू शकत नाही, तो सगळा ताण गियरवर जातो.

महिंद्राचा युवराज २१५ याच्या उलट स्वभावाचा. एक सिलिंडर, सुमारे ८६३ सीसी, १५ अश्वशक्ती. एकच पिस्टन, डिझेल फवारणारे एकच नोझल, त्यामुळे इंजिन उघडायची वेळ आली तरी खर्च आवाक्यात राहतो, आणि साध्या गॅरेजमधला मेस्त्रीही ते काम करतो. मागच्या चाकांमधले अंतर कमी-जास्त करता येते, अरुंद मांडणीत ते २८ इंचांपर्यंत येते. गडग्यांमधल्या वाटेला हे वरदान आहे. खोट दोन ठिकाणी. एका सिलिंडरचे हादरे वर्षानुवर्षे बसल्याने सायलेन्सरचा ब्रॅकेट, मडगार्डचे पाय आणि बॅटरीची पेटी इथे तडे जातात, तिथले वेल्डिंग शोधून पाहा. दुसरे, याला मागचीच दोन चाके ओढतात. सपाट भाटात उत्तम, सत्तरी-सांग्याच्या उतारावर पावसाळ्यात नको.

कुबोटाचा निओस्टार बी२४४१ हा २४ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरांचा, फोर-व्हील. याचे ब्रेक तेलात बुडालेले असतात, आणि गोव्याच्या पावसात त्याची किंमत कळते: लाल चिखलाचे पाणी ब्रेकच्या तबकड्यांपर्यंत पोचतच नाही. कोरड्या ब्रेकच्या यंत्रात दरवर्षी पावसानंतर ब्रेक उघडून साफ करावे लागतात. बाजारात जुने बी२४४१ कमी येतात आणि आले तरी भाव उतरलेला नसतो. दोन एकरांच्या वर भाट असेल, ट्रॉली रोजची असेल, तरच याचा विचार करावा.

पॉवर टिलरबद्दल, म्हणजे मागून चालत दांडे धरून चालवायच्या दोन चाकी यंत्राबद्दल थोडक्यात. व्हीएसटीचा १३ अश्वशक्तीचा आणि केरळच्या कामकोचा १२ अश्वशक्तीचा टिलर भातशेतीत चांगला चालतो. कामको १९७३ पासून आहे, यंत्रे कुबोटाच्या तंत्राची. अंगण आणि वाटेच्या कामाला मात्र टिलर अंग मोडतो. उतारावर एक गोष्ट जिवावरची आहे: खाली उतरताना उजवा स्टिअरिंग क्लच (त्या बाजूचे चाक इंजिनापासून सोडवणारा दांडा) दाबला तर यंत्र डावीकडे वळते. क्लच सोडवलेले चाक उतारावर मोकळे धावते आणि इंजिनाने धरलेले चाक मागे राहते, म्हणून. नव्या माणसाच्या हाती उतारावर टिलर देऊ नये.

तपासणी: सकाळी, थंड इंजिनावर

विकणाऱ्याला आधीच सांगा, यंत्र चालू करून ठेवू नका. पोचल्यावर इंजिनाला हात लावा. गरम असेल तर परत या, कारण थकलेले इंजिन गरम असताना पटकन सुरू होते आणि थंड असताना रडते.

सुरू करण्याआधीच तेल पाहा. रात्रभर उभ्या यंत्रात पाणी तळाशी बसते. गियरबॉक्स आणि फोर-व्हील असेल तर पुढच्या धुरीचा ड्रेन बोल्ट अगदी थोडा सैल केला की तेलाआधी पाण्याचे थेंब येतात. तेल दुधाळ असेल तर सील गेलेले आहे, किंवा यंत्र खोल पाण्यात घातलेले आहे. असे यंत्र आम्ही सरळ सोडायला सांगू. बेअरिंगे गंजली की एक सील बदलून काही भागत नाही.

रेडिएटरचे झाकण थंडच असताना उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग म्हणजे हेड गॅस्केट संशयात. पाणी गंजट तपकिरी असेल तर वर्षानुवर्षे विहिरीचे पाणी भरले आहे, कूलंट कधीच नाही.

आता स्टार्टर. मल्टीमीटर जवळ ठेवा. बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, आणि स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली जाऊ नये. गेली तर बॅटरी कमजोर, किंवा अर्थिंगची तार गंजलेली. किनारपट्टीवर दुसरे कारणच जास्त आढळते. सुरू झाल्यावर थोडा पांढरा धूर येऊन थांबला तर हरकत नाही. निळा धूर थांबत नसेल तर ऑइल जळते आहे. मग ऑइल भरायचे झाकण काढून तळहात वर धरा. धडधडत वाफ मारत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, इंजिन बांधायचा खर्च किमतीतून वजा करा.

हायड्रॉलिक तपासायला रोटाव्हेटर किंवा दुसरे जड अवजार पूर्ण उचला आणि इंजिन बंद करा. पाच मिनिटांत ते जमिनीला टेकले तर आतल्या सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गळतो. हळूहळू दोन-चार इंच उतरले तर जुन्या यंत्रात ते चालवून घ्यावे.

पुढची धुरी जॅकवर उचलून चाक वर-खाली हलवा. खडखडाट किंगपिनच्या बुशचा आहे की मधल्या पिनचा, ते दुसऱ्या माणसाला बोट लावायला सांगितले की कळते. डावा-उजवा ब्रेक वेगवेगळा दाबून जागेवर वळवून पाहा. माडांमध्ये याच ब्रेकवर वळावे लागते. एकीकडे धरतो आणि दुसरीकडे नाही, अशी स्थिती बऱ्याच यंत्रांत असते.

मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेले आहे का ते विचारा. असेल तर व्हॉल्व्हच्या भोकाभोवतीचा रिम नीट खरवडून पाहा. बाहेरून रंग ताजा आणि आतून रिम पापुद्र्यासारखा, हे समुद्राजवळच्या गावांत नेहमीचे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांतून आलेली यंत्रे अरुंद आणि आपल्या कामाची असतात, पण ती फवारणीच्या ब्लोअरवर राबलेली असतात. त्यांचा पीटीओ शाफ्ट (मागच्या अवजाराला ताकद देणारा फिरता दांडा) हाताने हलवून पाहा आणि मडगार्डखालचा पत्रा औषधाने खाल्लाय का ते बघा.

अवजारे

रोटाव्हेटरचा भाटातला शत्रू चुडत. चुडताचे धागे आणि सोडणाचा (नारळाच्या सालीचा) काथ्या शाफ्टच्या टोकाला गुंडाळला जातो, तापतो आणि ऑइल सील कापून आत शिरतो. मग चेनच्या किंवा गियरच्या डब्यातले तेल गळते आणि महिनाभरात बेअरिंग जाते. आधी चुडते उचलून काढा, आणि दर दोन तासांनी इंजिन बंद करून, किल्ली खिशात ठेवून, गुंडाळलेले धागे कोयत्याने कापा. पीटीओला एकाहून जास्त वेग असतील तर रोटाव्हेटरसाठी अवजारावर लिहिलेलाच वेग ठेवा. जास्त वेगावर मातीचा नको तेवढा भुगा होतो आणि पाती लवकर झिजतात. चिऱ्याचा खडा पाती लवकर खातो, पाती बदलताना पूर्ण संच बदला, नाहीतर शाफ्ट एका बाजूला हादरतो.

गवताला स्लॅशर (आडव्या फिरत्या पात्याने गवत कापणारे अवजार) उत्तम, पण जांभ्याचा सुटा दगड त्याच्या पात्याला लागला तर गोळीसारखा जातो. पुढे-मागे साखळ्यांचा पडदा नसलेला स्लॅशर घेऊच नका. स्लॅशरचा शिअर बोल्ट धक्का बसला की तुटून गियरबॉक्स वाचवतो, ते त्याचे कामच आहे. तो वारंवार तुटतो म्हणून कडक बोल्ट बसवला की पुढच्या दगडाला गियरबॉक्स जातो.

वाटेवरची माती, खडी आणि पालापाचोळा ओढायला मागे लावायचे चार फुटी ब्लेड पुरते. पुढे डोझरचे पाते वेल्डिंग करून बसवलेली यंत्रे विकायला येतात. एवढ्या हलक्या यंत्राची पुढची धुरी त्या धक्क्यांसाठी बनलेलीच नाही. अशा यंत्राच्या पुढच्या चाकांचा कोन वाकलेला आहे का ते समोरून उभे राहून पाहा. ब्लेड तिरके लावून माती वाटेच्या उताराकडच्या बाजूला सारा आणि गटार मोकळे ठेवा, नाहीतर पुढच्या सरीत तीच माती परत वाटेवर येते.

पावसाळ्यातली निगा

जून ते सप्टेंबर डिझेलची टाकी भरलेली ठेवा. अर्ध्या टाकीतल्या दमट हवेचे पाणी होते, ते तळाशी बसते आणि पंप व नोझल गंजवते. फिल्टरच्या तळाचा पाण्याचा स्क्रू आठवड्याला एकदा सैल करा. फिल्टर बदलल्यावर हवा काढताना आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारा, बुडबुडे थांबले की आवळा. तरीही सुरू झाला नाही तर नोझलच्या नळीचा नट सैल करून स्टार्टर फिरवा, डिझेल ठिबकले की घट्ट करा. डिझेलच्या त्या फवाऱ्यासमोर हात धरू नका, तो कातडीतून आत जातो.

गवताचे बी रेडिएटरच्या पत्र्यांत अडकते आणि इंजिन तापते. गवत मारायच्या दिवसांत रोज पंख्याच्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने धुवा. जोराच्या धारेने पत्रे वाकतात.

ट्रॉली आणि कागद

ट्रॉली नेहमी खालच्या ड्रॉबारलाच. वरच्या आकड्याला जोडून चढावर ओढली तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकावर पालथा पडतो. उतरताना न्यूट्रल कधीच नाही, ज्या गियरने चढला असता त्याच गियरने उतरावे. बांधाच्या कडेपासून किमान एक मीटर आत चाक ठेवा, पावसाने फुगलेला बांध वरून घट्ट दिसतो आणि आतून सुटतो.

यंत्र सिंधुदुर्गातून किंवा बेळगावकडून आणत असाल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, आधी बँकेचे कर्ज असेल तर बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५. इंजिन आणि चेसिसचा नंबर आरसीशी स्वतः जुळवून पाहा, गंजावर रंग मारलेला असेल तर तो खरवडा. आणि सौदा ठरवायच्या आधी आपल्या विभागीय कृषी कार्यालयात नव्या यंत्रावर सध्या किती अनुदान मिळते ते विचारा. तो आकडा कळल्यावर कधी कधी जुन्या यंत्राचा मागितलेला भाव महाग ठरतो, आणि तेव्हा विकणाऱ्याशी बोलायला हातात काहीतरी असते.