पानगळीनंतर झाडाचं कूळ ओळखायला: 10 पटीचं घडीचं भिंग

रुंदपर्णी पानझडी झाडं पानं गळल्यावरही ओळखता येतात, फक्त डहाळी नीट दिसायला हवी. त्यासाठी 10 पटीचं, तीन काचांचं भिंग घ्यावं. 20 पटीचं मुळीच नको: दिसणारा भाग इवलासा होतो आणि हात जरा हलला की कळी धूसर.

भिंग डोळ्याला टेकवा आणि डहाळी साधारण 2.5 सेंटिमीटरवर आणा. बहुतेक जण भिंग लांब धरतात आणि मग त्यालाच दोष देतात.

आधी कळ्यांची मांडणी पाहा. समोरासमोर असतील तर मेपल (सॅपिंडेसी कूळ) किंवा ॲश (ओलिएसी कूळ) असू शकतं. एकाआड एक आणि टोकाशी झुबका असेल तर ओक. त्याच फॅगेसी कुळातल्या बीचची कळी मात्र लांब, टोकदार. विलोच्या कळीवर टोपीसारखं एकच खवलं, हे भिंगाखाली फार सुंदर दिसतं! अक्रोडाची डहाळी उभी चिरली की गाभ्यात कप्पे दिसतात. त्याच कुळातल्या हिकरीचा गाभा भरीव असतो.

उणीव एकच: ओल्या डहाळीजवळ काचेवर वाफ धरते. मऊ कापड सोबत हवंच.